ताईच्या अल्बममधला श्वास

ताईचा पहिला जॅझ अल्बम! घरात सगळे तिचंच कौतुक करत होते आणि माझा नुसता जळफळाट. सॅक्सोफोन मीसुद्धा वाजवते की!

स्टुडिओत ताई काचेपलीकडे होती, मी रेकॉर्डिस्टकाकांशेजारी. त्यांनी टेक पुन्हा ऐकवला. "दर वेळी सुराआधी कुणीतरी नाकाने श्वास ओढतंय. तुझी ताई तर तोंडाने घेते!"

तो सुर्रकन ओढलेला श्वास मी लगेच ओळखला. त्यावरूनच तर सॅक्सोफोनचे सर मला ओरडतात.

"हा तर माझा श्वास! पण मी इथेच बसलेय ना, काका!"

पुढच्या टेकला मी गंमत म्हणून श्वास रोखला. ताईची बोटं पळत होती, पण स्पीकरमधून काहीच येईना. तिने घाबरून माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ निळे पडत चालले होते.

मला मात्र श्वास घ्यायची मुळीच घाई नव्हती.