गादीवाल्यांची शेवटची जागा

"उजवीकडे मार," मिस्टर प्रुइट म्हणाले. "इथे चेंडू डावीकडे वळतो. माझं अर्धं आयुष्य गेलंय या मैदानावर."

ग्रेचेनने मान डोलावली. चेंडूपासून होल जेमतेम दोन पावलांवर होतं आणि मधली जमीन पोळपाटासारखी सपाट. चेंडू कुठेही वळणार नव्हता. हे तिला दिसत होतं. तिच्या काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या थोरल्या बहिणीला, आर्डिसला, दिसत होतं. तळ्यातल्या बदकांनाही दिसत असावं. पण स्पर्धा प्रुइटांची होती.

बायकांच्या व्यावसायिक गोल्फचं वर्ष असंच जातं. मार्चमध्ये कोंबडीवाल्यांची स्पर्धा, जूनमध्ये विमावाल्यांची, आणि सप्टेंबर आला की ओहायोत प्रुइट गाद्यांची. आणि स्पर्धेच्या आधीचा सोमवार मालकाचा. त्या दिवशी मालक हौसेने खेळाडूंबरोबर उतरतो, आपले चेंडू एकामागून एक तळ्यात घालतो, आणि जगभर जिंकून आलेल्या बायकांनी म्हणायचं, वा, काय मनगट आहे तुमचं. सगळ्याच म्हणतात. न म्हणून जातात कुठे?

त्यातून ग्रेचेनचं घोडं अडलेलं. मनगटाच्या दुखण्यात तिचं निम्मं वर्ष वाया गेलं होतं. वर्षातली ही शेवटची स्पर्धा, आणि तिचं नाव यादीत नव्हतं. मालकाच्या मर्जीतली एक जागा तेवढी उरली होती. ती मिळाली आणि चार दिवस बरे गेले, तर पुढचं वर्ष पदरात. नाहीतर घरी नेब्रास्काला परत, मक्याची शेतं, आणि शाळकरी पोरांना काठी कशी धरायची ते शिकवत बसणं. छत्तिशीत घरी बसून पुन्हा मैदानात आलेलं कुणी तिने पाहिलं नव्हतं.

म्हणून पहिल्या फटक्यापासून ती ऐकत होती. प्रुइट म्हणाले कोपर आत घे, तिने घेतलं. गुडघा सैल सोड म्हणाले, सोडला. एका फटक्याआधी त्यांनी तिला श्वास कसा घ्यायचा तेही सांगितलं, आणि छत्तीस वर्षं बिनबोभाट श्वास घेत आलेली ती बाई "बरं झालं सांगितलंत" म्हणाली.

आताही ते बोलता बोलता चेंडू आणि होल यांच्या बरोब्बर मधे उभे होते. चेंडूच्या वाटेवर पाय देऊ नये, हे या खेळात शेंबडं पोरही शिकतं. ग्रेचेन त्यांच्या बुटांकडे बघत थांबून राहिली.

"सरळ मार गं," आर्डिस तिच्या कानाशी पुटपुटली.

"तू गप्प बस. डेलेनीचं ऐकलंस ना?"

डेलेनीचं सगळ्यांनीच ऐकलं होतं. टेक्सासची एकोणीस वर्षांची पोरगी, त्याच एका जागेसाठी आलेली. सकाळी प्रुइटांबरोबर ती खेळली. याच हिरवळीवर त्यांनी तिला उजवीकडे मारायला सांगितलं, तर ती म्हणाली, "साहेब, जरा तोंड बंद ठेवा, आणि माझ्या वाटेवरून पाय काढा." मग सरळ मारून चेंडू होलमध्ये घातला. दुपारी हॉटडॉग खाताना सगळ्या बायका डोळे पुसेपर्यंत हसल्या. पोरीचा पत्ता कट, यावर सगळ्यांचं एकमत झालं. ग्रेचेन दोन घास जास्तच जेवली.

प्रुइट बाजूला झाले. ग्रेचेनने उजवीकडे मारलं. चेंडू उजवीकडेच गेला आणि होलशेजारून निमूटपणे पुढे निघून गेला.

"जोर जास्त झाला," प्रुइट हळहळले. "वळायला वेळच मिळाला नाही त्याला."

"माझंच चुकलं," ग्रेचेन म्हणाली, आणि गोड हसली. आर्डिसने तोंड फिरवलं.

क्लबच्या ओसरीवर प्रुइटांनी हातमोजा काढला आणि ग्रेचेनच्या खांद्यावर हात ठेवला. "एक सांगू? तुझ्याइतकी गुणी बाई मी या खेळात पाहिली नाही. आजचा दिवस फार मजेत गेला."

आर्डिसने पिशवी खाली ठेवली.

"पण ती जागा मी डेलेनीला दिली."

"तोंड बंद ठेवा म्हणाली ती तुम्हाला," ग्रेचेन म्हणाली.

"म्हणाली ना. रागच आला मला. पण चेंडू घातला तिने." प्रुइटांनी सुस्कारा सोडला. "तूच विचार कर. स्पर्धेला माझ्या गाद्यांचं नाव आहे. जिला मला दुपारभर शिकवावं लागलं, तिला टीव्हीवर कशी उभी करू? लोक हसतील गं."

ग्रेचेनने पिशवीतून काठी ओढली. ओसरीच्या पायऱ्यांशीच सरावाची हिरवळ होती, तिच्या या टोकाला चेंडू टाकला. होल पार पलीकडच्या टोकाला, मधे चांगला उंचवटा. तिने ना कोपराकडे पाहिलं, ना गुडघ्याकडे, ना प्रुइटांकडे. मारला. चेंडू उंचवटा चढला, वळला, उतरला आणि टपकन होलमध्ये पडला.

आर्डिसच्या डोळ्यांत पाणी आलं.

प्रुइट टाळ्या वाजवत पायऱ्या उतरून आले.

"बघ, कोपर आत घेतलंस ना?" ते मायेने म्हणाले. "हेच मघाशी माझं ऐकलं असतंस, तर जागा तुझी होती."