अर्थिंगची जागा

बानाबाईच्या नव्या घराचं वायरिंग गयासनं केलं, पण वीजजोडणीच्या टेस्ट रिपोर्टवर सही लायसनवाल्या मॅडमचीच लागत होती. मॅडमनी अर्थिंगच्या सळईला मीटर जोडलं, आकडा पाहिला आणि पेन पर्समध्ये टाकलं. “जमीन कोरडीठाक आहे. अशानं शॉक लागून माणूस जाईल.” दुष्काळाचं तिसरं वर्ष, बिडकीनला टँकर आठवड्यानं यायचा. मातीत ओतायला पाणी कुठलं? बानाबाईची नजर खुंट्याकडं गेली. कळपातली शेवटची मेंढी तिथं बांधलेली; दारात घाण नको म्हणून लेक तिला उद्या बाजारात विकायला नेणार होता. “गयास, सळई खुंट्यापाशी ठोक. तिथली माती रोज मुतानं भिजती.” गयास हसला, पण त्यानं ठोकली. आकडा बरोबर आला. सही करताना मॅडमनी बजावलं, “ही जागा कायम ओली ठेवा.” बानाबाईनं मेंढीच्या दोरीची खुंट्यावरची गाठ आणखी घट्ट आवळली आणि दारात उभ्या लेकाला विचारलं, “ऐकलं का रं?”