आठवी गाठ

महिन्याभरात दोनदा पिंजरा फुटला. दोन्ही वेळा ससे गेले आणि नात दिशा रडून रडून उपाशी झोपली. तेव्हा नवसाबाईनं ठरवलं, आता सशांचं घर आपणच बांधायचं. दिंडोरीच्या बागांत तीस वर्षं द्राक्षवेली बांधलेली बाई ती. मोडक्या मांडवाचे लोखंडी अँगल तिनं अंगणात रोवले, चारी बाजूंनी आणि खालीवर जाळी ठोकली, नवे दोन ससे आत सोडले आणि दार बाहेरून सुतळीच्या सात गाठींनी आवळलं. सुतळी ती दातानंच तोडायची. तिची गाठ अख्ख्या बागेत ओळखू यायची.

सकाळी दिशा ओरडतच आली. "आजी, दोघं हायेत! घास खाताय!"

नवसाबाई पदर खोचून बाहेर आली. जाळीखालची माती उकरलेली होती, अँगलवर ओरखडे होते, पण सशांच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

"हरलं मेलं जनावर!" शेजारणींना ऐकू जाईल अशी ती हसली. "माझी गाठ सोडवायची टाप नाय कुणाची!"

हसत हसतच तिनं दाराच्या गाठी मोजल्या. आठ भरल्या.

आठवी अगदी तिच्याच हातची वाटत होती, तितकीच घट्ट, पण मारलेली जाळीच्या आतून. दातानं तोडलेलं टोक अजून ओलं होतं.

ससे मजेत चरत होते, दारापासून लांब.

ती आठवी गाठ सोडवायला नवसाबाईनं जाळीतून बोट घातलं.

बोट गाठीतच असताना गाठ सावकाश आवळली गेली.