ताठ चादर

“अंघोळ स्वतः करता?” सरकारी तपासनीस बाईंनी विचारलं.

“करतो, मॅडम!”

“कपडे?”

“घालतो!”

दाराशी उभी असलेली लेक रुमाल बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. आज सकाळी बाबांची दाढी तिनेच केली होती. कोटाची बटणं तिनेच लावली होती, पदकंसुद्धा. आणि आता तेच बाबा तिच्या देखत धडधडीत थापा मारत होते. काल तिने हात जोडून सांगितलं होतं, “बाबा, जमत नाही ते जमत नाही म्हणा. तरच सरकार घरी मदतनीस देईल. नाहीतर मी नोकरी सोडू, की तुम्हाला वृद्धाश्रमात ठेवू?”

पण फौजेतल्या माजी हवालदाराला हे पटणार कसं? त्यांच्या पलटणीतला एक दोस्त अशाच तपासणीत ‘जमत नाही’ म्हणाला आणि आठवड्याभरात गाडी येऊन त्याला आश्रमात घेऊन गेली. तेव्हापासून बाबांनी धसका घेतला होता. तपासणीत नापास झालं की गाडी येते.

“छान आहे की तब्येत,” म्हणत तपासनीस बाई उठल्या. लेकीने ओळखलं, आता मदतनीस मिळणार नाही.

निघता निघता बाई पलंगापाशी थबकल्या. चादर अशी ताणून बसवलेली, की सुरकुती औषधालाही सापडू नये. मग त्यांनी बाबांकडे निरखून पाहिलं. गालावर चटईचे वळ अजून तसेच होते.

“रात्री खाली झोपलात?”

“हो, मॅडम. पलटणीत तपासणीच्या आदल्या रात्री अंथरूण मोडायचं नसतं.”

“माझे वडीलही तसंच करायचे,” बाई म्हणाल्या. “मग सकाळी उठलात कसे?”

बाबांनी लेकीकडे पाहिलं. तिला त्यांची भयंकर दया आली.

“उठलो नाही,” बाबा जमिनीकडे बघत म्हणाले. “हिने उचललं. रोज हीच उचलते.” त्यांनी कोट सारखा केला. “गाडी कधी येणार तेवढं सांगा, मॅडम. तयार राहतो.”

बाई परत खुर्चीत बसल्या.

“गाडी नाही, हवालदारसाहेब. माणूस येईल. रोज सकाळी, तुम्हाला उठवायला.”