पाठमोरा चित्रकार

हॉलंडर घराकडे पाठ करून घराचंच चित्र काढत होता, आणि द्राक्षमळ्यातले मजूर त्याला हसत होते.

हा कॉर्नेलिस, मायदेश हॉलंड सोडून दक्षिण आफ्रिकेतल्या केपला येऊन राहिलेला. जुन्या वाइन-मळ्यांवरची घरं तांब्याच्या पत्र्यावर कोरायची आणि कागदावर छापून विकायची, हा त्याचा धंदा. घरासमोरच्या ओकच्या झाडाखाली बसून समोर आरसा टेकवायचा, त्यात बघत सुईनं कोरत राहायचं. घराच्या डाव्या अंगाची घंटा वाजली की मजूर जेवायला सुटत. हा मात्र जागचा हलत नसे.

"आरशात घर बघतोय की घरधनीण?" शेजारच्या कोबसनं मालकाला, गिडिअनला, डिवचलं.

गिडिअन हसला, पण त्या दिवसापासून तो ओट्याकडे लक्ष ठेवू लागला. शिवणाचा कंटाळा असलेली त्याची बायको हेस्टर हल्ली रोज शिवण घेऊन ओट्यावर बसत होती. जेवताना मटणाचा मोठा तुकडा पाहुण्याच्या ताटात जाई. संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की उतरत नाही. चित्रकार गेला तेव्हा गिडिअनला हायसं वाटलं.

महिन्याभरानं छापलेलं चित्र आलं. ओट्यावर हेस्टर बसलेली. उजवा हात मांडीवरच्या शिवणात, डावा कठड्यावर. त्या डाव्या हातात लग्नाची अंगठी नव्हती.

गिडिअनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चित्र घेऊन तो स्वयंपाकघरात शिरला.

"कोणासाठी काढलीस अंगठी?"

हेस्टरनं चित्र हातात घेऊन बघितलं आणि ती हसली.

"अरे वेड्या, छापताना सगळं उलटं उमटतं. पत्र्यावरचं डावं कागदावर उजवं होतं. हा माझा उजवा हात. डावा शिवणाखाली आहे, अंगठीसकट."

गिडिअनचा जीव भांड्यात पडला. आपल्या संशयी मनाची त्याला लाज वाटली. सुगीला कॉर्नेलिसला पुन्हा बोलावू, असंही तो म्हणाला. हेस्टर खाली मान घालून बरं म्हणाली.

मग आपलं घर उलटं कसं दिसतं याची गंमत बघायला तो चित्र घेऊन ओकखाली, कॉर्नेलिस आरसा लावून बसायचा तिथं, गेला आणि घराकडे तोंड करून उभा राहिला. तेवढ्यात जेवणाची घंटा वाजली. त्यानं डावीकडे वर बघितलं, मग हातातल्या चित्राकडे.

चित्रातही घंटा डावीकडेच होती.