लाल कडेचं भोक

"इद्वलचं नाव ठळक छापा," ग्वेन म्हणाली आणि किटलीचं झाकण आदळलं.

लाउदरसाहेब लिहून घेत होते. युद्धाच्या दिवसांत वेल्सच्या या किनाऱ्यावर शिकाऊ नेमबाजांच्या मदतीला एक विमानी तुकडी होती. तीस वर्षांनी ते तिचा इतिहास लिहायला बसले होते. तुकडीचं विमान लांब दोराला कापडी नळा बांधून समुद्रावरून ओढत न्यायचं. पोरं दुसऱ्या विमानातून त्यावर गोळ्या झाडायची. प्रत्येकाच्या गोळ्यांची टोकं वेगळ्या रंगात बुडवलेली. भोकांच्या कडा बघून कुणाचे नेम किती, ते मोजायचं. बुडवायची ग्वेन, मोजायचीही ग्वेनच.

"त्या दिवशी लाल रंग कुणाचा?"

"इद्वलचा. गोळ्यांचा पट्टा मीच रंगवला होता. मेल्यानं नळा सोडून ओढणारं विमानच फोडलं. आत तादेक होता. पोलंडचा पोर, बाविशीचा, हसला की गालाला खळी पडायची. समुद्रानं विमानाचं नुसतं शेपूट परत दिलं. त्यात लाल कडेचं भोक. लाल म्हणजे इद्वल, हे चौकशीत मीच सांगितलं."

"इद्वल त्या सकाळी आजारी होता म्हणे?"

"नासकं मटण खाऊन ओकत होता. नेमबाजीची पाळी चुकली की घरी पाठवायचे ना! स्वतःची नोकरी जपायला दुसऱ्याचं लेकरू बुडवलं." ग्वेन मोरीत थुंकली. "नाताळला निर्लज्ज दारात मनुकांचा पाव ठेवून जातो. मी चिमट्यानं उचलते नि डुकरांना घालते. त्याची सावली पडली तरी शिसारी येते मला."

चुलीपाशी तिचा नवरा एमलिन बटाटे सोलत होता. तोही तेव्हा इद्वलबरोबर तिथंच नेमबाजी शिकत होता.

"जाऊ दे, ग्वेन. त्याची नातवंडं शाळेत जातात. पोरं चिडवतील."

"चिडवू देत! तुझी दोस्ती काही सुटत नाही. शेणाशेजारी बसलं की वास लागायचाच."

एमलिननं पुढचा बटाटा उचलला. सालं पाण्यात पडत राहिली.

"चौकशीत इद्वल काय म्हणाला?" साहेबांनी विचारलं.

"काय म्हणणार? मान खाली. 'पट्टा माझाच होता', एवढंच. तिथंच त्याला हाकलला."

साहेबांनी कागद पुढे सरकवला. "साक्षीदार म्हणून सही करा, बाई. उद्या छापायला जाईल."

ग्वेननं हात पुसले, पेन उचललं. एमलिन उठला. ओल्या बोटांनी त्यानं ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"अरे, काय करतोस?"

"त्या सकाळी इद्वल अंथरुणातून उठलाच नव्हता, ग्वेन."

कागदावर वाकून त्यानं इद्वलचं नाव खोडलं, आणि त्या जागी स्वतःचं लिहिलं.