बापाची नजर

परीक्षा होईपर्यंत सिनेमा बंद, असं बाबांनी बजावलं होतं. म्हणून मोहना क्लासच्या नावाखाली मैत्रिणीची स्कूटी घेऊन त्या उडणाऱ्या सुपरहिरोचा दुसरा भाग पाहायला गेली. खेळ सुटला आणि पार्किंगमध्ये बघते तर काय, दोन गाड्या सोडून बाबाच उभे! मकरपुऱ्याच्या कंपनीतून पहिली पाळी उरकून मानसिंगकाकांबरोबर तेही याच खेळाला आले होते. बडोद्याच्या मुली उन्हात बांधतात तशी तिनं घाईघाईनं तोंडाला ओढणी गुंडाळली आणि गॉगल चढवला.

बाबा तावातावानं बोलत होते. "पहिला भाग झकास होता, मानसिंगराव. हा म्हणजे नुसती फेकाफेक! पोरगं तोंडाला फडकं बांधून समोर उभं राहतं आणि सख्ख्या बापाला कळत नाही? अहो, मी तर माझी पोर नुसत्या उभं राहण्यावरून ओळखीन!"

मोहनानं स्कूटीला किल्ली लावली. बाबा वळले, थेट तिच्याचकडे आले, आणि तिच्या वाटेत लावलेली आपली मोटरसायकल मागे ओढत अदबीनं गुजरातीत म्हणाले,

"बेन, पहेला तमे नीकळो."